आईने निवडलेला फोटोग्राफर

आईला तिचा भिंतीवरचा फोटो काढून घ्यायचा होता आणि तो तिला माझ्याकडून नको होता.

मी रस्त्यावरचे फोटो काढतो. तीसेक वर्षं हेच करतोय, याच्यावरच घर चाललंय, आणि चार लोक मला यासाठी ओळखतात. तरीही माझ्या सख्ख्या आईने एका रविवारी सकाळी, चपातीचा तुकडा चहात बुडवता बुडवता, मला सांगितलं की या कामासाठी स्टुडिओवाल्याची वेळ घे.

"माझो फोटो तो काढतलो," ती म्हणाली. "तू तेका सांगान ठेव."

भिंतीवरचा फोटो म्हणजे माणूस गेल्यावर हॉलमध्ये जो लागतो आणि ज्याला हार घालतात, तो. आमच्या कोकणातल्या बायका याबाबतीत भलत्या व्यवहारी. आपण गेल्यावर पोरं घाईगडबडीत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतील आणि आपण कायमच्या चोरासारख्या दिसत राहू, अशी त्यांना धास्ती असते. म्हणून तब्येत ठीक आहे तोवर चांगली साडी नेसून फोटो काढून घ्यायचा आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून द्यायचा. आमच्या मजल्यावरच्या एका काकींनी तर फ्रेमसुद्धा करून घेतली होती. पाहुणे आले की त्या ती फ्रेम बाहेर काढून दाखवायच्या आणि पाहुणे चहा पिता पिता फोटोचं कौतुक करायचे.

स्टुडिओवाला माझा लहानपणचा मित्र. परळच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही वाढलो. दोघांचे बाप गिरणीत. कॅमेरा आधी माझ्या हातात आला, हे मी मुद्दाम सांगतोय. रोल कसा भरायचा ते मी त्याला चाळीच्या जिन्यात बसून शिकवलं. त्याने पहिला रोल भर उजेडात उघडून वाया घालवला आणि वर माझ्याकडे बघून हसला. पुढे मी कॅमेरा घेऊन रस्त्यावर गेलो आणि त्याने लालबागच्या नाक्यावर स्टुडिओ टाकला. लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळेजेवणं आणि पासपोर्ट साइझ. मी कलावंत आणि तो दुकानदार, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. त्या वाटणीवर मी बरीच वर्षं मजेत होतो.

माझ्या कामाचा एकच नियम. समोरच्याला कळता कामा नये. कॅमेऱ्याकडे बघितलं की माणूस संपला, उरतो तो फक्त चेहरा. त्यामुळे मी कॅमेरा डोळ्याला कमी आणि छातीला जास्त लावतो. फोकस आधीच ठरवून ठेवतो आणि भलतीकडेच बघत उभा राहतो. रे रोडला लाकडाच्या वखारींसमोर मी असा उभा राहिलोय की तिथले हमाल मला बसची वाट बघणारा समजायचे. फणसवाडीत एका आजोबांनी मला रोज बघून बघून शेवटी विचारलं होतं की बाबा रे, तुझं घर सापडत नाही का.

आता ते जमत नाही. मुंबईत आता कॅमेरा दिसला की दोनच गोष्टी होतात. तरुण पोरं केस सारखे करून पोझ देतात आणि जुन्या इमारतींतले म्हातारे गॅलरीतून ओरडतात, "ओ, बिल्डरकडून आलात काय?" माझगावात एका बाईने मला खरोखरच घरात नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि कार्पेटचा एरिया किती देणार ते विचारलं. मी फक्त तिच्या खिडकीतल्या कुंड्यांचा फोटो काढत होतो. तिला ते पटलं नाही. कुंड्यांचा फोटो कोण कशाला काढेल, असं तिचं म्हणणं पडलं.

आमचीही चाळ पाडली. काही वर्षं आम्ही भाड्याच्या जागांत काढली आणि मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये सगळे परत आलो. जुनेच शेजारी, फक्त एकाच्या डोक्यावर एक. सगळ्यांनी एकाच मोसमात सत्यनारायण घातले. शिऱ्याचा प्रसाद खात मी मजल्यामागून मजले फिरलो आणि तिथेच हे दुखणं सुरू झालं.

ज्या घरात जाईन त्या घरात त्याचेच फोटो. नवीन पांढरी भिंत, त्यावर एक खिळा, आणि खिळ्याला त्याचा निळा. त्याच्या सगळ्या फोटोंना मागे एकच निळा रंग असतो, सकाळचा नाही, संध्याकाळचा नाही, कुठल्याही आकाशात न सापडणारा. त्या निळ्यात आमच्या चाळीतली सगळी गेलेली माणसं ओळीने बसलेली. लेथवाले काका, पापड लाटणाऱ्या मावशी, कॅरममध्ये हरले की पावडर फुंकून देणारे अण्णा. सगळे गोरे झालेले, सगळ्यांचे केस विंचरलेले, आणि सगळे सरळ माझ्याकडे बघतायत. बाजूला लग्नाचे, बारशाचे, तेही त्याचेच. माझा एकही नाही.

माझ्या पोटात दुखलं. याला दुसरा शब्द नाही. परदेशात माझे फोटो लागलेत, मोठमोठ्या लोकांनी ते घेतलेत. आमच्या शेजारच्या टॉवरच्या लॉबीत माझ्या एका फोटोची भलीमोठी प्रिंट लावलीय, गिरणी सुटल्यावरच्या गर्दीची. लिफ्टची वाट बघताना लोक तो बघतात म्हणे. पण त्या टॉवरमध्ये परळचा एकही माणूस राहत नाही. ज्यांचे ते फोटो, त्यांच्या घरात मात्र हा सेंट मारलेला, गळ्यात साखळी घातलेला, प्रत्येक म्हातारीला 'हिरॉईन' म्हणणारा माणूस भिंतभर पसरलाय.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "त्याला उजेड कळत नाही गं. सावली दिसली की घाबरतो तो. सगळे चेहरे सपाट करून टाकतो."

"हो," बायको म्हणाली. "पण सगळे ओळखू येतात."

ती बँकेत आहे. समोरच्याच्या खात्यात किती आहे हे तिला बघितल्या बघितल्या कळतं.

त्याच सुमाराला अकराव्या मजल्यावरचे एक गृहस्थ गेले. चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. त्यांची बायको तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमच्याकडे ह्यांचे फोटो असतील ना? तुम्ही तर कायम काढत असायचात. तेराव्याला लावायला एक हवा होता."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. माणूस गेला होता, त्याची बायको समोर बसली होती, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच की ही त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आली. मी दोन दिवस हार्ड डिस्का आणि निगेटिव्ह चाळले. तिच्या नवऱ्याचे खूप फोटो सापडले. नाक्यावर चहा पिताना, त्यात अर्धा चेहरा कपाच्या आड. बस पकडायला धावताना, पाठमोरे. गॅलरीत झोपलेले, तोंडावर वर्तमानपत्र. आणि एक तर मी काढलेल्या सगळ्या फोटोंतला अव्वल म्हणावा असा. नुकती कटिंग केलेली मान, मानेवर न्हाव्याने फासलेली पावडर, कॉलरमध्ये अडकलेला एक केस, आणि पलीकडे धुरकट दिसणारी गिरणीची चिमणी. मी चार चांगल्या प्रिंट काढल्या, पाकिटात घातल्या आणि स्वतः अकराव्या मजल्यावर गेलो.

तिने एकेक फोटो हातात घेऊन नीट बघितला. चष्मा पुसून परत बघितला.

"छान आहेत हो," ती म्हणाली. "पण ह्यांत हे कुठे आहेत?"

मी मान दाखवली. कपाआडचा डोळा दाखवला. तिने मान हलवली, प्रिंट परत पाकिटात घातल्या, पाकीट एका स्वच्छ पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "जपून ठेवा," ती म्हणाली. "तुमचं महागाचं काम असेल."

तेराव्याला गेलो तर भिंतीवर निळा. स्टुडिओवाल्याने कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा नवरा उचलला होता, खांद्यावरचा व्याह्याचा हात पुसला होता आणि वर कोट चढवला होता. त्या माणसाने जन्मात कोट घातला नव्हता. स्वतःच्या लग्नातही घातला नव्हता. मी हे हळूच कोणाला तरी म्हणायला गेलो, तेवढ्यात ती बाई फोटोसमोर येऊन उभी राहिली आणि मोठ्याने रडायला लागली. फोटोशी बोलायला लागली. आता कोटाचं कोणाशी बोलायचं?

तर अशा सगळ्यानंतर आईने त्या रविवारी चहा पिताना तो निरोप दिला. मला वाटलं, तिला जोडी जमवायची असेल. हॉलमध्ये बाबांचा फोटो आहे, तोही त्याचाच. गिरणीच्या पासावरचा मोठा करून, निळा भरून दिलेला. शेजारी तसाच निळा हवा, तशीच फ्रेम हवी, एवढंच असेल तर मीही निळा भरून देऊ शकतो. मी तिला तसं सांगितलं. वर हेही म्हटलं की लोक काय म्हणतील, पोरगा फोटोग्राफर आणि आई शेजाऱ्याकडे जाते.

"लोक काय म्हणतले?" आई म्हणाली. "लोकांचे सगळे तेच्याकडेच झाले."

मला ते फार लागलं. मी जेवलो नाही. दुपारी बायकोने आईला काहीतरी सांगितलं असावं, कारण संध्याकाळी आई स्वतःच म्हणाली, "एकदा तू बग काढून. नाय जमलो, तर तेच्याकडे."

पुढच्या रविवारी मी हॉलमधला टीव्ही सरकवला, खिडकीशी खुर्ची ठेवली. आमच्या हॉलमध्ये सकाळी समोरच्या टॉवरच्या काचांवरून उलटून आलेला उजेड पडतो, मऊ आणि किंचित हिरवट. असा उजेड स्टुडिओवाल्याने आयुष्यात बघितला नसेल. आई मोरपंखी साडी नेसून आली. तिने पाहुण्याला हाताला धरून खुर्चीत बसवावं तसं स्वतःला बसवलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि म्हणाली, "खंय बगू?"

"कुठेही बघ," मी म्हटलं. "मी इथे नाही असं समज."

तिने थोडा वेळ खिडकीकडे बघितलं, थोडा वेळ फ्रीजकडे बघितलं. मी सवयीने तिच्याभोवती फिरायला लागलो. ती मला विसरेल याची वाट बघत होतो. आई कोणाला विसरणाऱ्यातली नाही. मी डावीकडे गेलो की तिची मान डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे.

"तू नाय असा समजान फोटो काढूचो," ती शेवटी म्हणाली, "तर मगे तुका कित्याक बोलवलंय?"

तरी मी चांगले फोटो काढले. खरंच चांगले होते. एकात ती पदराला चिकटलेला तांदळाचा दाणा काढते आहे आणि तिच्या बोटांवर तो उजेड पडलाय. एकात ती खिडकीबाहेर बघते आहे, जिथे पूर्वी चाळीची गच्ची होती त्या रिकाम्या हवेकडे. हे मी लॅपटॉपवर तिला मोठे करून दाखवले. ती वाकून बघत राहिली.

"ही खंयची म्हातारी?" तिने विचारलं.

"तूच आहेस."

"दमलेली दिसता."

मी तिला सांगायला लागलो की यात खरं काहीतरी आहे, तू स्वतःला कधी अशी बघितलेली नाहीस. तिने ते सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि अगदी समजावल्यासारखं म्हणाली, "बाबा, तू लपान बगतंस. माका कोणीतरी सांगूक व्हया, हयसर बग म्हणान. सांगितल्याशिवाय माणूस कोणाकडे बगता काय?"

तीस वर्षांत मी कोणालाही 'इकडे बघा' म्हटलेलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. आईलाही म्हणालो नाही. लॅपटॉप मिटला आणि स्टुडिओवाल्याला फोन लावला. त्याचा 'बोल भावा' ऐकून माझा तिळपापड झाला.

त्याचा स्टुडिओ आता आमच्याच टॉवरच्या तळाशी आहे. लालबागची इमारत पाडल्यावर त्याने इथे एक चिंचोळा गाळा घेतला. एका बाजूला मोबाइलचं दुकान, दुसऱ्या बाजूला चकलीची भाजणी मिळते ते. आत एक स्टूल, निळा पडदा, आरशापुढे कंगवा आणि पावडरचा डबा. आम्ही गेलो तेव्हा त्याने आईच्या पाया पडून तिला दोन्ही हातांनी धरून आत नेलं. "काकी, हिरॉईन दिसतास! माका अगोदर सांगितला असता तर बँडवाले हाडले असतंय."

आई हसली. माझ्याकडे बघून त्या आठवड्यात एकदाही हसली नव्हती.

मी दाराशी भिंतीला टेकून उभा राहिलो, कॅमेरा गळ्यात. त्याने तिला स्टुलावर बसवलं. स्वतःचा कंगवा घेऊन तिच्या कपाळावरचे केस मागे केले. तिने करू दिले. तिचा पदर त्याने दोन बोटांनी सारखा केला. मग वाकून तिची हनुवटी धरली, थोडी वर उचलली, थोडी डावीकडे वळवली, मागे जाऊन बघितलं, परत येऊन परत धरली. मी मोठा झाल्यापासून माझ्या आईच्या तोंडाला हात लावल्याचं मला आठवत नाही. पाया पडतो, औषध देतो, डोळ्यांत थेंब घालतो तेव्हा पापणी उचलतो, तेवढंच. आणि हा माणूस तिची हनुवटी हातात घेऊन उभा होता आणि ती डोळे मिटून शांत बसली होती. मला त्याचा इतका राग आला की मी मोबाइलच्या दुकानाकडे बघायला लागलो.

"काकी," तो म्हणाला, "काका थंय भिंतीर वाट बगतत. तेंका काय सांगूचा आसात ता मनात सांगा. आणि हयसर बगा. माझ्याकडे बगा."

आईने बघितलं.

मी जे बघितलं ते नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. ती थकलेली नव्हती, म्हातारीही नव्हती. तिची डावी भुवई किंचित वर गेली. चाळीत नळावर कोणाशी वाद घालायला निघताना जायची तशी. पण ओठ मऊ होते. काहीतरी मागणारे. भांडण आणि विनवणी एकाच तोंडावर एकाच वेळी मी कधी बघितली नव्हती, रस्त्यावर नाही आणि घरातही नाही. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. मी दाबलंही. माझ्या त्या फोटोत त्याचं कोपर आलंय, आणि कोपराच्या मागे आईचा कान.

त्याने फक्त दोनदा क्लिक केलं आणि म्हणाला, "झालो. एक नंबर."

"वायंच गोरी कर," आई म्हणाली.

"अजिबात नको," मी म्हटलं.

"तुका काय करूचा हा?" आई म्हणाली, आणि त्याने तिला गोरी केली. निळा भरला. कानातल्या कुड्या चमकवल्या. एवढं सगळं करूनही त्याला ती भुवई बिघडवता आली नाही. त्याला ती दिसली तरी होती की नाही, देव जाणे.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. आई खूश होती, आरशात बघून केस परत पहिल्यासारखे पाडत होती. मी म्हटलं, "काय सांगितलंस बाबांना?"

"तेंका कित्याक सांगू?" ती म्हणाली. "तेंका सगळा म्हायत हा. मी ह्येका सांगितलंय."

"कोणाला? स्टुडिओवाल्याला?"

"माझ्याकडे बगा, असा तो म्हणालो मा? मगे तेकाच सांगितलंय, मनात. म्हटलंय, माझो झील तुझ्यार जळता. बरो हा, पण जळता. तेका सांभाळ."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. मी म्हटलं, "मी कशाला जळू त्याच्यावर?" आणि आई पुढे चालत गेली, किल्ली शोधायला लागली.

त्यानंतर ती बरीच जगली. फोटो कपाटात साड्यांखाली होता. मावशी आली की निघायचा, गावाहून चुलतभाऊ आला की निघायचा. सगळे म्हणायचे, अगदी बोलते आहे असं वाटतं. आई म्हणायची, "मगे? बोलतंयच." मी उठून स्वयंपाकघरात जायचो.

मी त्या काळात एक प्रयत्न करून बघितला. रस्त्यावर लोकांना 'इकडे बघा' म्हणायला लागलो. गिरगावात फुलवालीला म्हटलं, दादरला भाजीवाल्याला म्हटलं. ते बघायचे. ग्राहकाकडे बघावं तसे बघायचे, आणि मी बटण दाबून आभार मानून पुढे जायचो. ते फोटो मी पुसून टाकले.

आई पावसाळा संपता संपता गेली. फार त्रास झाला नाही. फोटो मीच कपाटातून काढला. तेराव्याला स्टुडिओवाला सकाळीच हजर झाला, स्वतःचं ड्रिल घेऊन. बाबांच्या शेजारी माप घेऊन त्याने भोक पाडलं, धूळ पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र धरलं, फ्रेम लावली, खुर्चीवर चढून हार घातला. खाली उतरला, चार पावलं मागे गेला आणि एकदम रडायला लागला. तसा तो सगळ्यांकडे रडतो, त्याचा तो धंदाच आहे, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो. पण हे तसं नव्हतं. हा माणूस भिंतीला हात टेकून रडत होता. माझ्या डोळ्यांत सकाळपासून पाणी आलेलं नव्हतं, आणि मला त्याच्या रडण्याचाही हेवा वाटला.

"साला, माझ्याकडेच बघतायत रे काकी," तो म्हणाला. "कुठेही उभा राहिलो तरी. काय म्हणाल्या असतील रे तेव्हा काकांना? तुला कधी काही बोलल्या?"

बाहेर भटजी आल्याचा आवाज आला. बायको दार उघडायला गेली. हॉलमध्ये आम्ही तिघंच होतो, तो, मी आणि आई. ती त्याच्याकडे बघून तेच सांगत होती, भुवई वर करून, माझ्या डोक्यावरून. त्याला ते ऐकू येत नव्हतं. एक शब्द सांगितला असता तर तो मला तिथेच मिठी मारून बसला असता आणि जन्मभर त्याने मला सोडलं नसतं. मला ते पक्कं माहीत होतं.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

त्याने डोळे पुसले, मान हलवली आणि खाली पडलेली धूळ वर्तमानपत्रात गोळा करायला लागला. आता महिन्यातून एकदा येतो, हार बदलतो, थोडा वेळ तिच्यासमोर उभा राहतो. मी समोर बसून बघतो. ते एक वाक्य आईने त्याला दिलेलं आहे, पण ते माझ्याकडे आहे, आणि मी ते त्याला देणार नाही.